फ्रेंचमध्ये रस्ता विचारता येतो, पण सांगितलेला कळत नाही. कसा सराव करू?

शहापूरकरीण

नमस्कार सगळ्यांना. मी बेळगावची, शहापुरात राहते. सप्टेंबरात शिकायला फ्रान्समधल्या लियाँला जायचंय. कोर्स इंग्लिशमध्येच आहे पण दुकानात, बसमध्ये, ऑफिसात फ्रेंच लागतंच असं सगळेच सांगतात म्हणून ऑनलाइन क्लास लावलाय आणि त्याच्या जोडीला डेल्फ ए-वनची, म्हणजे फ्रेंचच्या पहिल्या पातळीच्या परीक्षेची तयारी पण चालू आहे. सध्या रस्ता विचारायचा धडा चाललाय. विचारायचं जमतं, "एक्सक्यूझे-म्वा मदाम, पूर आले आ ला गार, सिल वू प्ले?" म्हणजे स्टेशनला कसं जायचं, हे झोपेतून उठवलं तरी म्हणेन. अडतंय ते उत्तरापाशी. रेकॉर्डिंगमधली बाई एका दमात पाच-सहा गोष्टी सांगते, मी पहिल्या वळणाचा अर्थ लावत असते तोवर ती पूल ओलांडून पलीकडचं सांगायला लागलेली असते, मग नकाशावर पुढचं काहीच जुळत नाही.

शब्दांची यादी अजून पाठ करू का नुसतं ऐकतच राहू? आणि तिथं खरंच माणसांना विचारावं लागतं का, का मोबाईलवर भागतं? तिकडं राहिलेल्या कुणी सांगितलं तर बरं होईल.

खानापूर_पॅसेंजर

मोबाईलवर बरंचसं भागतं ओ, मी ऑफिसच्या कामानं पॅरिसला होतो तेव्हा रस्त्यावर फारसं विचारावं लागलं नाही. पण मोठ्या स्टेशनात, हॉस्पिटलात, कॉलेजच्या इमारतीत मॅप काही कामाचा नसतो, तिथं माणूसच लागतो. मजले मात्र आपल्यासारखेच मोजतात, तळमजला म्हणजे रे-द-शोसे आणि त्याच्या वरचा पहिला, तिथं गोंधळ होणार नाही.

निपाणीचा

मी लियाँलाच असतो, कामाला. यादी पाठ करायची गरज नाही असं माझं स्पष्ट मत आहे, निदान रस्त्याच्या बाबतीत तरी नाही. तू बेळगावची आहेस ना, मग हे काम तू आधीपासनंच करत आलीयस, फक्त दुसऱ्या भाषेत. बैलहोंगलकडं कुठल्या पण खेड्यात जाऊन मराठीत रस्ता विचार, समोरचे आजोबा कन्नडात सांगणार, "सीदा होगरी, मुंद गुडी बरतद, अल्ली एडक्क", आणि त्याच्या आगंमागं अजून धा वाक्यं. ती सगळी आपण कुठं ऐकतो? सीदा म्हणजे सरळ, गुडी म्हणजे देऊळ, एडक्क म्हणजे डावीकडं, एवढं उचलायचं आणि गाडी हाणायची, आणि बरोबर पोचतो की आपण. फ्रेंचला पण हेच कर. सांगणाऱ्याच्या बोलण्यात कामाच्या गोष्टी तीनच असतात: वळायचं कुठल्या बाजूला, कितव्या गल्लीत, आणि खूण काय. "प्रने ला दझिएम र्यू आ गोश" यातलं दझिएम आणि गोश कानात राहिलं की झालं, दुसरी गल्ली, डावीकडं. "आलोर", "आँस्वित", "वूझाले व्ह्वार" असलं मधलं मधलं बोलणं येईल, ते जाऊ दे सोडून, त्याचा अर्थ लावत बसायचंच नाही.

दुसरं म्हणजे ऐकून गप्प बसू नको, जेवढं कळलं तेवढं परत म्हणून दाखव: "दोंक, तू द्र्वा, पुई आ गोश आप्रे ल पों?" म्हणजे सरळ, मग पुलानंतर डावीकडं, असंच ना? बरोबर असलं तर "वुई, से सा" म्हणतील, नसलं तर नेमकं तेवढंच दुरुस्त करून सांगतील आणि ते पण सावकाश. हे एक वाक्य तयार ठेवलंस तर निम्मी भीती जाते. अगदीच सुटलं तर "वू पुव्हे रेपेते, प्ल्यु लाँतमाँ?" म्हणजे परत सांगाल का, जरा सावकाश, हे आहेच.

आणि सुरुवात "बोंझूर" नं कर, ही गोष्ट मी मनापासून सांगतोय. एक्सक्यूझे-म्वा नंतर. बोंझूर न म्हणता एकदम प्रश्न विचारला की इथल्या लोकांना ते तोडून बोलल्यासारखं वाटतं, आणि बोंझूर म्हटलं की तोच माणूस थांबून हात करून दाखवतो.

सरावाला पुस्तकातला नकाशा कशाला, तुझाच रस्ता घे. शहापुरातनं कपिलेश्वर पुलावरनं गावात यायचं ते फ्रेंचमध्ये मोबाईलवर रेकॉर्ड कर, "त्राव्हेर्से ल पों" म्हणजे पूल ओलांडा, "झ्युस्को फ" म्हणजे सिग्नलपर्यंत, असं. मैत्रिणीला पण तिच्या घरचा रस्ता रेकॉर्ड करायला सांग आणि तिचं ऐकून तू कागदावर काढ. रस्ता ओळखीचा असला की डोकं फक्त भाषेवर राहतं.

फ्रेंच_शिकवते_टिळकवाडी

वरचं बहुतेक पटलं, पण "यादी नको" हे सरसकट नको म्हणू या. काही जोड्या पक्क्या नसतील तर कान कितीही तयार असला तरी माणूस भलत्या गल्लीत जातो. सगळ्यात घातक जोडी "आ द्र्वात" आणि "तू द्र्वा". पहिल्यात शेवटी त ऐकू येतो, ते उजवीकडे. दुसऱ्यात त नाही, ते सरळ. माझ्या वर्गात सगळ्यात जास्त गडबड इथंच होते, म्हणून मी मुलांना उभं करून चालायला लावते, मी बोलते आणि त्यांनी वळायचं. शेवटच्या त वर कान ठेवायची सवय अशीच लागते.

दुसरी अडचण आपल्या मराठीची आहे. आपण "बँकेच्या समोर" म्हणतो त्यात दोन्ही येतं, बँकेच्या दारापुढे आणि रस्त्याच्या पलीकडे बँकेकडे तोंड करून. फ्रेंचमध्ये दारापुढे असेल तर "दव्हाँ", पलीकडे असेल तर "आँ फास द". परीक्षेतल्या नकाशात याच्यावर हमखास उत्तर फिरतं. तसंच "आव्हाँ ल फ" म्हणजे सिग्नलच्या आधी वळायचं, "आप्रे ल फ" म्हणजे नंतर.

जागांची नावं नुसती पाठ करू नकोस, आधीच्या शब्दासकट कर: ओ मार्शे (बाजारात), ओ म्युझे (म्युझियमला), आ ला पोस्त (पोस्टात), आ ला मेरी (नगरपालिकेत), आ लोपिताल (हॉस्पिटलात). बोलताना चुकलं तरी समजून घेतात, पण ऐकताना हे आख्खे तुकडे ओळखीचे असले की पटकन पकडता येतात. अनोळखी माणसाशी कायम "वू" म्हणजे "तुम्ही", म्हणून प्रने (घ्या), तुर्ने (वळा), कोंतिन्युए (पुढे जात राहा). आपण अनोळखी माणसाला "सरळ जावा" म्हणतो तसंच ते. "प्रां", "तुर्न" हे मित्रमैत्रिणींत.

डेल्फबद्दल एवढंच, ए-वनला रेकॉर्डिंग दोनदा ऐकवतात आणि त्याआधी प्रश्न वाचायला वेळ असतो. तो वेळ नकाशावर घालव, निघायचं कुठून आणि नकाशावर खुणा कुठल्या दिल्यात ते बघून ठेव. पहिल्यांदा ऐकताना फक्त वळणं, बाकी सगळं दुसऱ्यांदा.

शहापूरकरीण

खूप खूप थँक्स सगळ्यांना! दव्हाँ आणि आँ फासचं आमच्या क्लासात कुणी सांगितलंच नव्हतं, मागच्या टेस्टचा नकाशा काढून बघितला तर उत्तर तिथंच फिरलेलं. कपिलेश्वर पुलाचं रेकॉर्डिंग आज रात्रीच करते, बहीण पण तयार झालीय. निपाणीकर दादा, अजून एक, मला पहिल्या दिवशी ट्रेननं पार-द्यो स्टेशनला उतरून बेलकूरजवळ जायचंय, तिथं विचारायची वेळ आली तर काय विचारू?

निपाणीचा

पहिलं म्हणजे लियाँत नुसतं "ला गार" म्हणून चालत नाही, पार-द्यो आणि पेराश अशी दोन मोठी स्टेशनं आहेत, परत येताना "ला गार द ला पार-द्यो" असं पूर्ण नाव घे. गार म्हणजे रेल्वे स्टेशन, मेट्रोचं असलं तर स्तासिओं, बसचा थांबा आरे. पार-द्योला बाहेर पडायला दोन बाजू आहेत, पोर्त रोन आणि पोर्त आल्प. मेट्रो रोनच्या बाजूला, म्हणून "ल मेत्रो, सिल वू प्ले?" एवढं विचारलंस तरी हात दाखवतील.

मेट्रोत डावं-उजवं कुणी सांगत नाही, शेवटच्या स्टेशनचं नाव सांगतात, "दिरेक्सिओं" अमुक. तुला बे (B) लाइन, दिरेक्सिओं सँ-झनी-लाव्हाल, साक्स-गांबेताला उतरून दे (D) लाइन, दिरेक्सिओं गार द व्हेझ, आणि बेलकूर. साक्स-गांबेताला "कोरेस्पोंदाँस" (गाडी बदलायची वाट) लिहिलेल्या पाटीमागं जायचं, बाहेरची पाटी "सोर्ती" असते, तिकडं वळू नको. या दोन्ही लाइनला ड्रायव्हर नसतो, पहिल्यांदा बघताना दचकायला होतं, पण त्या तशाच चालतात. बेलकूरला वर आलीस की मोठं मोकळं मैदान आणि मध्ये घोड्यावरचा राजाचा पुतळा. तिथं सगळे त्या पुतळ्यावरनंच रस्ता सांगतात, त्यामुळं हॉस्टेलवाल्यांकडनं पुतळ्यापासनं रस्ता कसा ते आधीच मेलवर विचारून घे.