प्रभावी व्यक्तींचे गुण खरोखर सारखे असतात का?

प्रश्न

चरित्रे वाचताना त्या व्यक्तीचे गुण वहीत टिपून ठेवण्याची मला जुनी सवय आहे. परवा ती वही पहिल्या पानापासून चाळली, तेव्हा लक्षात आले की एका पानावर ज्याला मी गुण म्हटले आहे, त्याच्या नेमके उलटे काहीतरी पुढच्या पानावर गुण म्हणूनच नोंदले आहे. कोणी सभा जिंकणारे वक्ते, तर कोणी चारचौघांत बोलायलाही संकोचणारे. कोणी कमालीचे सावध, तर कोणी बेधडक. मग एखाद्या प्रसिद्ध व्यक्तीचे म्हणणे लोक मनावर घेतात ते कशामुळे? सर्वांमध्ये समान असा काही गुण असतो, की यश मिळाल्यावर आपणच गुण चिकटवतो?

प्रतिसाद

चिकटवतो, असे माझे मत आहे. एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने १९२० साली प्रसिद्ध केलेल्या लेखात लष्करी अधिकाऱ्यांनी हाताखालच्या माणसांचे केलेले गुणांकन तपासले होते. शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व आणि चारित्र्य या वेगवेगळ्या गोष्टींचे गुण एकमेकांशी अवाजवी जुळत होते. म्हणजे एका बाबतीत नजरेत भरलेला माणूस सगळ्याच बाबतींत चांगला ठरत होता. प्रसिद्ध व्यक्तींबद्दल लिहिताना ही चूक हमखास होते. माणूस यशस्वी झाला की तो जिद्दी, आणि फसला की तोच हट्टी.

प्रतिसाद

वरील मुद्दा मान्य आहे, पण तेवढ्याने प्रश्न संपत नाही. व्हिएन्नाच्या रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरांनी १८४७ च्या मे महिन्यात डॉक्टरांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या द्रावणात हात धुवायला लावले आणि एप्रिलमध्ये १८ टक्क्यांच्या आसपास असलेला बाळंतिणींचा मृत्युदर जूनपर्यंत २ टक्क्यांवर आला. एवढा ठळक पुरावा असूनही त्यांच्या हयातीत बहुतेक वैद्यांनी तो मानला नाही. त्या काळची रोगांविषयीची समजूत आड आली हे खरेच, परंतु सविस्तर ग्रंथ लिहायला त्यांनी १८६१ उजाडू दिले आणि त्यानंतर विरोधकांना खुनी ठरवणारी जाहीर पत्रे लिहिली. त्यांची तळमळ मला आजही अस्वस्थ करते. डोळ्यांदेखत बायका दगावत असताना संयम राखणे सोपे नव्हते.

त्याच सुमारास फ्लॉरेन्स नाइटिंगेल क्रिमियन युद्धावरून परतल्या. त्यांचे नाव घरोघरी पोहोचले होते, तरीही सत्कार टाळून त्यांनी ती प्रसिद्धी सैनिकांच्या आरोग्याच्या चौकशीसाठी वापरली. १८५८ मध्ये त्यांनी छापलेल्या आकृतीत प्रत्येक महिन्यासाठी एक पाकळी आहे: टाळता येण्याजोग्या रोगांचे मृत्यू निळ्या रंगात, जखमांचे लाल रंगात. निळ्या पाकळ्या लालांना झाकोळून टाकतात, आणि ते समजायला गणित यावे लागत नाही.

प्रश्नकर्तीचे उत्तर

म्हणजे समजावून सांगण्याचे कौशल्य हाच तो गुण मानायचा का? तसे असेल, तर उत्तम शिकवणारा प्रत्येक जण प्रभावी ठरायला हवा.

प्रतिसाद

कौशल्य हा त्याचा दिसणारा भाग झाला. माझ्या मते मूळ गुण आहे तो ऐकणाऱ्याचा आधी विचार करून स्वतःला आवर घालण्याचा. अमेरिकेतील यादवी युद्धात १८६३ च्या जुलैमध्ये गेटिसबर्गची लढाई जिंकूनही लिंकन यांच्याच बाजूचे सेनापती जनरल मीड यांनी शत्रुसैन्य निसटू दिले, म्हणून अब्राहम लिंकन यांनी त्यांना अत्यंत कडक पत्र लिहिले. ते पत्र गेले नाही. पाकिटावर लिंकन यांच्याच हातची नोंद आहे की हे कधी पाठवले नाही, त्यावर सहीही केली नाही. राग मनात नव्हता असे नाही, तो कागदावर पुरता उतरला होता. पण युद्ध चालू असताना त्या सेनापतीचा उपयोग अजून संपलेला नव्हता.

त्याच रणभूमीवर नोव्हेंबरमध्ये, सैनिकांच्या दफनभूमीच्या समर्पण समारंभात, नामवंत वक्ते एडवर्ड एव्हरेट सुमारे दोन तास बोलले आणि त्यांच्यानंतर लिंकन अवघे २७० शब्दांच्या आसपास. जे दोन तासांत मला साधले नाही, ते आपण दोन मिनिटांत साधलेत, अशा आशयाचे पत्र एव्हरेट यांनी दुसऱ्याच दिवशी लिंकन यांना लिहिले. न पाठवलेले पत्र आणि आटोपशीर भाषण यांत मला एकच माणूस दिसतो.

प्रतिसाद

याला नेल्सन मंडेला यांची जोड द्यावीशी वाटते. २७ वर्षांच्या कारावासात ते आफ्रिकान्स शिकले, म्हणजे ज्यांनी त्यांना डांबून ठेवले त्यांची भाषा, आणि पुढे त्याच लोकांशी वाटाघाटी करताना ती उपयोगी पडली. आपल्या वहीत गुणांशेजारी आणखी एक रकाना आखून पाहा: या व्यक्तीला नेमके कोणाला पटवायचे होते? एका पानावरचे धाडस आणि पुढच्या पानावरची सावधगिरी मग कदाचित तितकी परस्परविरोधी वाटणार नाही.