मदत हवी आहे : निघोजचे रांजणखळगे मुलांना कसे समजावू?

नमस्कार मंडळी,
नववीला भूगोल शिकवते. बाह्यप्रक्रियांच्या धड्यासाठी मुलांना कुकडी नदीवर, निघोजला रांजणखळगे (पात्रातल्या खडकात पडलेले रांजणासारखे खोल खड्डे) दाखवायला न्यायचा विचार आहे. भोवऱ्यात सापडलेले दगडगोटे गरगर फिरत खालचा बेसॉल्ट घासतात आणि खळगे खोल होत जातात, इथपर्यंत मुलांना पटतं. पण वर्गातल्या एकीने विचारलं, "बाई, नदी तर लांबवर वाहते, मग एवढे खळगे तिथेच दाटीने का?" खडकातल्या सांध्यांमुळे (नैसर्गिक भेगांमुळे), की पात्र तिथे अरुंद होऊन पाण्याला वेग येतो म्हणून? की दोन्ही? भूशास्त्रातल्या कुणी नीट उलगडून सांगाल का? पुस्तकातली व्याख्या नको, ती आहेच माझ्याकडे.

दुसरं म्हणजे, बेसॉल्टचे कांद्यासारखे सुटणारे पापुद्रे, म्हणजे विदारणाचा (खडक जागच्या जागी झिजून फुटण्याचा) एक प्रकार, दाखवायला शिरूर-पारनेर भागात रस्त्यालगतची एखादी उघडी दरड माहीत आहे का? बस थांबवता येईल अशीच सुचवा. घाटातल्या वळणावर चाळीस मुलं उतरवायची माझी छाती नाही.

आणि उन्हाळ्यात धरणातून आवर्तन (शेतीसाठी ठरावीक काळाने सोडलेलं पाणी) सुटलं की खळगे पाण्याखाली जातात का? जवळपास राहणाऱ्यांनी कृपया सांगावं, तारीख त्यावरच ठरेल.