महापालिका तुमच्या दारात कोणाच्या रूपाने येते? नाशिककरांचे अनुभव

महापालिकेच्या मुख्यालयाची, राजीव गांधी भवनाची पायरी न चढताही महापालिकेशी रोज गाठ पडते. कधी नळाला पाणी सोडणारा वॉलमन, कधी सफाई कामगारांचा मुकादम, कधी घरपट्टीचं बिल आणणारा. मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपून प्रशासक आले, तेव्हा तर सगळी भिस्त याच मंडळींवर होती. म्हणून नाशिककरांना म्हटलं, धोरणांवर भांडण नको, स्वतःला आलेला अनुभव लिहा.

सराफ बाजार, दुकानदार
पावसाळ्यात आमचे कान गंगापूर धरणाकडे. विसर्ग वाढला की एकच प्रश्न: गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर? गुडघ्याला असेल तर चहा चालू राहतो. कमरेला लागलं की खालच्या खणातला माल वर चढतो. छातीला लागलं की शटर ओढायचं. धरणातून पाणी सोडतं जलसंपदा खातं, पण गोदाकाठी भोंगा लावून फिरते ती महापालिकेची गाडी. टपऱ्या ओढायला सफाई कामगारही हात लावतात.

2016 च्या ऑगस्टात सराफ बाजार, भांडीबाजार पाण्यात होते. फोटो पुराचे निघतात, पण खरी कसोटी नंतरच्या गाळाची. आणि सराफाच्या दुकानातला गाळ फेकवत नाही हो! त्यात काय वाहून आलंय कोण जाणे. आधी पाट्या भरून, मातीतून सोन्याचे कण वेचणाऱ्या झारेकऱ्याकडे चाळायला, मग कचऱ्याच्या गाडीत. आमच्या गल्लीचा मुकादम तेवढा वेळ गाडी थांबवून उभा राहायचा. असल्या गाळासाठी गाडी थांबवा असं कुठल्या परिपत्रकात लिहिलेलं असेल?

सिडको, गृहिणी
घंटागाडीचा आवाज आला की सासूबाई गॅलरीतून ओरडतात, "दादा, थांबा हो, आलेच!" दादा थांबतात, पण ओला-सुका एकत्र दिसला की डबा परत. सासूबाई चिडल्या, तर म्हणाले, "आजी, पाथर्डीच्या प्रकल्पात याचं खत होतं. खतात प्लॅस्टिक घालू का?" तेव्हापासून आमच्याकडे दोन डबे. मुलगा आणि मी वर्षभर सांगून थकलो होतो, ते वेगळंच.

नाशिकरोड, प्रेसमधून निवृत्त
7 नोव्हेंबर 1982 पूर्वी आमची नाशिकरोड-देवळाली नगरपालिका वेगळी होती. नगराध्यक्ष भाजीबाजारात भेटत. आता आयुक्त पेपरात भेटतात. शहर वाढलं, चालायचंच.

नातीच्या जन्मदाखल्याचं सांगतो. एका खाजगी दवाखान्यानं आईचं नाव चुकीचं कळवलं आणि वर हात झटकले. विभागीय कार्यालयातल्या ताईंनी कोणती कागदपत्रं लागतील ते एका चिठ्ठीवर लिहून दिलं, म्हणून एजंट करावा लागला नाही. जन्माची नोंद 21 दिवसांत झाली पाहिजे, पण बाळाचं नाव तेव्हाच ठरलेलं असावं लागत नाही. वर्षाच्या आत ते विनाशुल्क घालता येतं. बारशावरून घरात वाद चालू असतील तर चालू द्या, नोंद मात्र आधी उरका.

पंचवटी
वडील गेले तेव्हा खिशात फारसं काही नव्हतं. अमरधाम स्मशानभूमीत लाकडाचे पैसे विचारले, तर म्हणाले, महापालिका देते. शेजारच्या काकांना माहीत होतं, मला नव्हतं. ज्याला गरज आहे त्यालाच बहुधा अशा योजना ठाऊक नसतात, म्हणून लिहितोय.

सातपूर, कामगार
शहरबस पूर्वी एसटीची होती, 8 जुलै 2021 पासून महापालिकेची सिटीलिंक आली. फर्स्ट शिफ्टला मी त्याच बसने जातो. नेहमीच्या कंडक्टरला आमचे चेहरे पाठ झालेत, एखादा दिसला नाही तर विचारतो, "आज दांडी का?" नाइटला मात्र आपली सायकल बरी.

गंगापूर रोड
वर वॉलमनचा उल्लेख आहे म्हणून. आमच्याकडचा वॉलमन सुट्टीवर जाताना सोसायटीच्या वॉचमनला सांगून जातो, की बदलीचा माणूस नवा आहे, पाणी जरा उशिरा सुटेल. ग्रुपवरचा निम्मा आरडाओरडा त्यानेच थांबतो. एप्रिलात घरपट्टी भरली की सवलत जास्त मिळते, हेही पहिल्यांदा त्यानेच सांगितलं होतं. घरपट्टी त्याचं खातं नाही.