बिल बॉवरमन यांची प्रशिक्षक म्हणून कारकीर्द

प्रश्न: अमेरिकेतल्या ओरेगन विद्यापीठाचे ॲथलेटिक्स प्रशिक्षक बिल बॉवरमन यांचे नाव आपल्याकडे निघते ते नायकीच्या बुटांमुळे, परंतु प्रशिक्षक म्हणून त्यांचे मोठेपण कशात होते?

प्रतिसाद: त्यांच्या संघाने १९६२, १९६४, १९६५ आणि १९७० साली राष्ट्रीय महाविद्यालयीन अजिंक्यपद पटकावले. मला मात्र त्यांची सरावाची पद्धत अधिक मोलाची वाटते: कठोर सरावाच्या दुसऱ्या दिवशी धावपटूला हलकेच पळवायचे, कारण शरीराची झीज भरून निघते ती विश्रांतीत. रोज दमछाक होईपर्यंत पळणे हीच मेहनत, असे मानणाऱ्या आपल्या मैदानांवर हे आजही पुरते रुजलेले नाही, याचे वाईट वाटते.

प्रतिसाद: बूट हाही त्याच कामाचा भाग होता. पायातले वजन कमी व्हावे म्हणून ते आपल्या धावपटूंसाठी स्वतः बूट बनवत. घरातल्या वॉफलच्या, म्हणजे चौकड्यांच्या पाश्चात्त्य धिरड्याच्या, साच्यात त्यांनी युरेथेन हे रबरासारखे घट्ट होणारे रसायन ओतले, तेव्हा साचा चिकटून बसला, तरी पुढे त्याच कल्पनेतून चौकड्यांचा तळवा आला.

प्रतिसाद: १९६२ साली न्यूझीलंडमध्ये तिथले धावण्याचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांच्याकडे गेले असता पन्नाशी ओलांडलेले बॉवरमन पळताना हृदयविकारातून उठलेल्या एका वृद्ध गृहस्थांच्याही मागे पडले, आणि परतल्यावर त्यांनी ओरेगनमधल्या यूजीन या आपल्या शहरातल्या सामान्य माणसांना जॉगिंगला लावले.