पायलटच्या टाइप रेटिंगचे पैसे कोणी भरायचे: घरच्यांनी की कंपनीने?

साखळीकर
भाच्याचं कमर्शियल लायसन्स हातात आलं. 200 तासांचं उड्डाण, डीजीसीएचे (विमान वाहतूक महासंचालनालयाचे) पेपर, क्लास वन मेडिकल, सगळं पार पडलं. खर्च 50 लाखांच्या वर. आता एअरबस 320 चं टाइप रेटिंग (त्या बनावटीचं विमान उडवायची पात्रता) करायचं म्हणतो, म्हणजे आणखी 20 लाखांच्या आसपास, आणि एवढं करून नोकरीची हमी कोणीच देत नाही.

साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला बँक तारण मागते. ताईकडे तारण म्हणजे सासरची जमीन. एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्याचा सातबाराच म्हणा) अजून आजेसासऱ्यांच्या वेळची नावं आहेत, इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांमधली कोर्टातली वाटणी, झालेली नाही. त्यात आपल्या गोव्याच्या कायद्यात नवऱ्याला बायकोच्या संमतीशिवाय जमीन गहाण टाकता येत नाही. म्हणजे प्रत्येक काकाच्या मागे काकूचीही सही. गोवा शिक्षण विकास महामंडळाचं बिनव्याजी कर्ज आहे, पण एवढ्या रकमेपुढे ते थिटं पडतं.

माझं म्हणणं असं: लायसन्सपर्यंतचा खर्च ज्याचा त्याने करावा, त्याबद्दल तक्रार नाही. पण टाइप रेटिंग हे त्या एका बनावटीच्या विमानाचं शिक्षण. विमान कंपनीचं, तर शिकवणीही कंपनीची. कदंब बस महामंडळाने उद्या नव्या बनावटीची बस आणली तर ड्रायव्हरकडून शिकवणीची फी मागेल का?

वास्कोचा_माणूस
साखळीकरबाब, बस इथे आणू नका. टाइप रेटिंगची नोंद लायसन्सवर होते, आणि लायसन्स पायलटचं असतं. कंपनीने 20 लाख घातले आणि हा वर्षभरात दुबईला गेला, तर ते कोणाकडून वसूल करायचे? पायलट असे पटापट सोडून जातात म्हणूनच डीजीसीएने 2017 मध्ये नोटिशीचा काळ कॅप्टनला एक वर्ष आणि फर्स्ट ऑफिसरला सहा महिने केला. एमबीबीएस झालेला मुलगा एमडीची फी स्वतःच भरतो ना? पुढे पगार मिळतो तो त्याच्याच खिशात जातो.

मोपा_रॅम्प
नोंद लायसन्सवर होते, खरं आहे. पण ती नाशिवंत आहे हो. 90 दिवसांत तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग झाली नाहीत तर प्रवासी घेऊन उडता येत नाही. ठराविक काळाने सिम्युलेटरवर चेक द्यावा लागतो, तोही पदरमोड करून. एमडीची डिग्री घरी बसून अशी उतरत नाही.

शिवाय कुठल्या विमानाचं रेटिंग घ्यायचं हा निव्वळ जुगार. 2019 चं बघा. मार्चमध्ये बोइंगची 737 मॅक्स विमानं जमिनीवर बसली, एप्रिलमध्ये 737 उडवणारी जेट एअरवेज बंद पडली. त्याआधी ज्यांनी स्वतःच्या पैशांनी 737 चं रेटिंग केलं होतं त्यांनी जायचं कुठे? तोवर इथे सगळीकडे 320 चा बोलबाला. बरं, 320 वाले तरी सुखी म्हणावं, तर मे 2023 मध्ये 320 उडवणारी गो फर्स्ट कंपनी बसली. कंपनी कुठलं विमान घेणार, किती घेणार, कधी बुडणार, हे बारावी सायन्स झालेल्या पोराने आणि त्याच्या बापाने कसं ओळखायचं? हा धोका ज्याच्या हातात निर्णय आहे त्याने उचलावा.

साखळीकर
मला हेच म्हणायचं होतं, जमलं नाही.

आणि डिसेंबर 2025 आठवा. पायलटांच्या विश्रांतीचे नवे नियम आले आणि इंडिगोला पायलट पुरेनात, काही दिवसांत हजारो उड्डाणं रद्द. माणसं एवढी हवी असतील तर शिकवायला पैसे का निघत नाहीत?

वास्कोचा_माणूस
कारण खरी चणचण अनुभवी कॅप्टनची आहे. 200 तासांची पोरं रांगेत उभी आहेत. रांग असली की फी लागते.

जुना_तारवटी
पात्रांव, एक बोटीवरची गोष्ट सांगतो. जहाजांसाठी एमएलसी 2006 नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे, भारताने तो 2015 मध्ये मान्य केला. त्यात स्पष्ट आहे की नोकरी लावण्यासाठी तारवट्याकडून (बोटीवरच्या खलाशाकडून) पैसे घ्यायचे नाहीत. मेडिकल, सीडीसी (खलाशाचं नोंदपुस्तक) आणि पासपोर्ट, एवढंच त्याच्या खर्चाने. एजंट तरीही हात पुढे करतात हा भाग निराळा, पण निदान पकडला तर तो गुन्हेगार ठरतो. विमानात मात्र कंपनीचं नाव लावलेला कॅडेट प्रोग्राम (पायलट घडवायचा कोर्स) कोटीच्या घरात जातो आणि लोक पेढे वाटतात.

वास्कोचा_माणूस
काका, भरतीची फी वेगळी, शिक्षणाची फी वेगळी. एसटीसीडब्ल्यूचे (बोटीवर नोकरीला सक्तीचे) कोर्स तारवटी स्वतःच्याच पैशांनी करतो की नाही?

जुना_तारवटी
करतो. त्यासाठी भाट (माडांची बाग) गहाण टाकत नाही.

फोंड्याची_वैनी
सगळे भाच्यांबद्दल बोलताय, मुलींचं काय? आपल्या देशात पायलटांमध्ये बायका सुमारे 15 टक्के आहेत, जगाच्या सरासरीच्या कितीतरी वर. अभिमानाने सांगतो आपण. पण खर्चाचा आकडा असाच फुगत गेला तर घरात मुलगा-मुलगी दोघांनाही उडायचं असेल तेव्हा जमीन कोणासाठी गहाण पडेल? गोव्यात मुलीला कायद्याने सारखा वाटा आहे, मान्य. तरी माझ्या लेकीला तोंडावर विचारलं गेलं, लग्न झाल्यावर हप्ते कोण भरणार? विचारणारे परके नव्हते. तिने मग अर्जच केला नाही.

कंपनीला यातून चांगले पायलट मिळत नाहीत, जमीनवाल्यांची मुलं मिळतात.

दाबोळी_रनवे
वैनी, मुद्दा पटला, पण उपाय? दाबोळीच्या हंसा तळावर नौदलाचे पायलट बघा. सरकार सगळा खर्च करतं आणि बदल्यात वर्षं घेतं. खासगी कंपनीने असाच बाँड (ठराविक वर्षं नोकरी सोडणार नाही, सोडली तर पैसे भरीन, असा करार) लिहून घेतला की पोरं करार कायद्याचं कलम 27 दाखवतात: धंद्याला आडकाठी म्हणून करार रद्द.

मोपा_रॅम्प
ते आता इतकं सोपं राहिलेलं नाही. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेचा बाँड वैध ठरवला: तीन वर्षांच्या आत नोकरी सोडली तर 2 लाख भरा. रक्कम आणि मुदत वाजवी असेल तर बाँड टिकतो. मग कंपनीला भीती कसली? बाहेर हे चालूही आहे. ब्रिटिश एअरवेजने 2023 मध्ये निवडलेल्या विद्यार्थ्यांचा 1 लाख पौंडांपर्यंतचा खर्च स्वतः करायची योजना काढली.

वास्कोचा_माणूस
जागा किती होत्या त्यात? साठेक. त्याने पोट भरत नाही. आणि 2 लाखांचा बाँड कुठे, 20 लाखांचा कुठे!

साखळीकर
20 लाखांचाच बाँड लिहून घ्या, दरवर्षी कमी होत जाणारा. मला चालेल. माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे: पैसे पोराचे आणि वर बाँडही पोरावर, असे करार मी स्वतः वाचलेत. खर्च नाही तर बाँड कसला? दोहोंतलं एक निवडा.

वास्कोचा_माणूस
हे मान्य. दोन्ही घेणं ही लूट आहे, त्यावर मी तुमच्या बाजूने. पण पाच वर्षांच्या बाँडवर भाचा सही करेल का?

साखळीकर
विचारलं. पाचाला तयार आहे, सातला नाही.

मोपा_रॅम्प
तोवर त्याला एवढंच सांगा, ऑफर लेटर हातात नसताना रेटिंगचे पैसे भरू नकोस. इन्स्ट्रुमेंट रेटिंग (बाहेर न बघता उपकरणांवर उडायची पात्रता) चालू ठेव, सिम्युलेटरचा सराव कर. त्याला लागतात तेवढे पैसे लागू देत.

वास्कोचा_माणूस
आणि ऑफर लेटरमध्येच ‘रेटिंग स्वखर्चाने’ लिहिलेलं असलं तर? बहुतेक ठिकाणी तेच असतं. तेव्हा तो भरेलच, आणि तुम्हीही द्याल, साखळीकरबाब.