फिशरसाठी ट्रायलमध्ये नाव द्यावं का? बोटॉक्स की मलम, म्हणे कॉम्प्युटर ठरवणार

शिफ्टवाला_नाशिक:
नमस्कार मंडळी. अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर म्हणतात ना, माझा जावई नाही पण मेव्हणा मेडिकल चालवतो, त्यामुळे मलम गावाच्या दुसऱ्या टोकाच्या दुकानातून आणतोय गेले पाच महिने.

वय ३६, कंपनीत शिफ्ट ड्युटी. फिशर म्हणजे संडासच्या जागेला पडलेली चीर, ती भरतच नाहीये. सकाळी संडासला बसलं की काच चिरत गेल्यासारखं होतं आणि खरा ठणका नंतर सुरू होतो, दोन-दोन तास. बाइकवर एका बाजूने तिरका बसून जातो, वॉचमन विचारतो साहेब स्टँड लागलंय का. डॉक्टरांनी डिल्टियाझेमचं मलम दिलं, सहा आठवडे लावलं, बरं वाटलं म्हणून बंद केलं, मग नाइट शिफ्ट लागली, पोट साफ होईना आणि परत जैसे थे.

आता एका मोठ्या हॉस्पिटलच्या ओपीडीत गेलो तर ते म्हणाले आमच्याकडे रिसर्च चालू आहे, भाग घेता का. सगळ्यांना एक इंजेक्शन आणि एक मलम, दोन्ही देणार, पण त्यातलं एकच खरं. म्हणजे कोणाला बोटॉक्सचं इंजेक्शन आणि खोटं मलम, कोणाला खोटं इंजेक्शन आणि डिल्टियाझेमचं मलम. ११ पानांचा फॉर्म आहे, मराठीतच आहे पण "यादृच्छिक वाटप" म्हणजे काय ते त्या डॉक्टरलाच विचारावं लागलं, तो हसून म्हणाला चिठ्ठी उडवल्यासारखं. बायको म्हणते तू काय उंदीर आहेस का, आणि खोटं इंजेक्शन तेही तिथे कशाला टोचून घ्यायचं. तिचंही बरोबर वाटतं. बोटॉक्स म्हणजे ते हिरॉइनी चेहऱ्याला घेतात तेच ना? का सरळ ऑपरेशन करून मोकळा होऊ?

एकदाचा_सुटलो:
भावा लाजू नको, इथे निम्मे लोक गुपचूप वाचतायत तेही याच कारणासाठी. मी ऑपरेशन केलं चार वर्षांपूर्वी, गुदद्वाराचा आतला स्नायू बाजूने थोडा कापतात, संध्याकाळी घरी. दुसऱ्या दिवशी सकाळी भीत भीत बसलो आणि काहीच दुखलं नाही, खरं सांगतो डोळ्यात पाणी आलं. पण एक गोष्ट कोणी आधी सांगितली नव्हती. पहिला दीड महिना गॅस धरता यायचा नाही. मिटिंगमध्ये मुद्दाम खुर्ची सरकवून आवाज करायचो. मग आपोआप ठीक झालं, पण सगळ्यांचं होतंच असं नाही म्हणे.

जुनी_कोऑर्डिनेटर:
मी सात वर्षं ट्रायल कोऑर्डिनेटर होते (पुण्यात, आता सोडलं), फिशरच्या एका ट्रायलवर पण काम केलंय, म्हणून जरा लांबण लावते.

वहिनींना सांगा, यात उंदरांचं काम कधीच होऊन गेलंय, दोन्ही औषधं जुनीच आहेत. हो, बोटॉक्स तेच चेहऱ्याचं. फिशरमध्ये आतला स्नायू सतत आवळलेला राहतो, त्यामुळे मागच्या बाजूला रक्त नीट पोचत नाही आणि चीर भरत नाही, की परत दुखतं, की परत आवळतो. पूर्वी यावर बहुतेक करून कापणे हाच उपाय होता. ९० च्या दशकात डोकं चाललं की स्नायू न कापता औषधानेच काही आठवडे सैल ठेवला तर? हृदयाच्या पेशंटना देतात त्या नायट्रोग्लिसरीनचं मलम केलं, बीपीच्या डिल्टियाझेमचं केलं, आणि बोटॉक्स टोचून बघितलं, त्याचा असर दोन-तीन महिने टिकतो आणि उतरतो. नायट्रोग्लिसरीनने डोकं मात्र भयंकर दुखतं, कित्येक जण त्यापायीच मलम सोडतात.

आता आकडे बघा, मजा आहे. १९९७ मध्ये इंग्लंडात नॉटिंगहॅमला ८० पेशंटवर नायट्रोग्लिसरीनची ट्रायल झाली, आठ आठवड्यांत औषधवाल्यांपैकी ६८ टक्के बरे आणि औषध नसलेलं मलम लावणाऱ्यांपैकी ८ टक्के. सगळे खूश. मग २०१२ पर्यंत जगभरच्या ७५ ट्रायल एकत्र करून कोक्रेनवाल्यांनी (सगळ्या ट्रायल गोळा करून तपासणारी संस्था) हिशोब मांडला तर नायट्रोग्लिसरीन ४९ टक्के आणि प्लासिबो ३५ टक्के! म्हणजे औषध नसलेलं मलम लावूनसुद्धा तिघांतला एक बरा होतो, आणि औषधाने बरे झालेल्यांपैकी साधारण निम्म्यांना पुढे परत होतं. तुमचं झालं तसंच.

बोटॉक्सचंही तेच. १९९९ ला इटलीत २५ पैकी २४ जण बरे झाले, समोरच्या नायट्रोग्लिसरीनवाल्यांत २५ पैकी १५. पण अगदी तुमच्यासारखी ट्रायल, बोटॉक्स विरुद्ध डिल्टियाझेम, इंजेक्शन-मलम दोन्ही आणि एक खोटं, ती नेदरलँड्समध्ये झाली, १३४ पेशंट, २०१२ ला छापून आली. तीन महिन्यांनी दोन्हीकडे ४३ टक्के. बरोब्बर सारखे. म्हणून खोटं इंजेक्शन लागतं हो. ज्याला सुई टोचली त्याला वाटतं आपल्याला भारी औषध मिळालं, आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही तसंच वाटतं.

आतली गोष्ट सांगू का. शेवटच्या व्हिजिटला आमचे पेशंट यायचे, डॉक्टर समोर बसलेले, येण्याजाण्याचे पैसे मिळणार, दुखतंय का विचारलं की "बरंय आता साहेब". फॉर्मवर टिक. मग बाहेर मला भेटून हळूच विचारायचे, ताई ते जुनं मलम परत लावलं तर चालेल का. त्यामुळे मी टक्केवारी वाचली की आधी बघते जखम कोणी पाहिली, त्याला गट माहीत होता का, आणि किती महिन्यांनी पाहिली.

ऑपरेशनचं म्हणाल तर त्याच्या जवळपास एकही औषध जात नाही हे कोक्रेनवाल्यांनीही लिहिलंय. कॅनडातली २००० सालची ट्रायल, सहा महिन्यांनी ऑपरेशनवाले ३८ पैकी ३५ बरे, नायट्रोग्लिसरीनवाले ४४ पैकी १२. पण वरचे दादा म्हणतात तो गॅसचा त्रास खराच आहे, साडेचार हजार पेशंटचा एक आढावा २०१३ मध्ये आला होता, त्यात दीर्घकाळ काही ना काही कंट्रोलची तक्रार १४ टक्क्यांना, बहुतेक गॅस नाहीतर कपड्याला डाग, घट्ट शौच न धरता येणारे एक टक्क्याच्याही आत. मुलं झालेल्या बायकांनी तर जास्तच विचार करावा.

झणझणीत_नागपूर:
आमच्या गावचं कोणी बोलत नाही म्हणून आलो. इटलीवाल्यांनी २००६ मध्ये मूळव्याधीच्या ५० पेशंटना लाल तिखटाची कॅप्सूल दिली आणि म्हणाले काही फरक पडत नाही, मिरचीचं सगळं थोतांड आहे. आम्ही सावजीवाले नाचलो. पण आनंद टिकला नाही, फिशरवर नागपुरातच ट्रायल झाली, एक आठवडा तिखटाच्या कॅप्सूल आणि एक आठवडा रिकाम्या, कोणाला कधी काय ते माहीत नाही, आणि तिखटाच्या आठवड्यात त्रास वाढला. इटलीत एकच डोस दिला होता हो, एका डोसने काय होतंय, एवढं तर इथे लहान पोरं खातात.

कोमट पाण्याच्या टबाचंही नागपूरला बघितलंय, टबात बसणारे आणि न बसणारे, दुखण्यात फरक नाही निघाला पण बसणारे जास्त समाधानी होते. मी तर घमेल्यात बसतो, समाधान हवंच ना.

सौ_कुलकर्णी६२:
एवढी इंजेक्शनं आणि कापाकापी कशाला? आयुर्वेदात क्षारसूत्र आहे, औषध लावलेला दोरा. आमच्या ह्यांना त्यानेच गुण आला, आठवड्याला दोरा बदलायला जायचे. दोन महिन्यांत साफ.

जुनी_कोऑर्डिनेटर:
काकू, काकांना भगंदर असणार, म्हणजे आतून बाहेर आलेली नळीसारखी जखम. क्षारसूत्र तिथे उत्तमच, आणि ते नुसतं ऐकीव नाही, आयसीएमआरने (सरकारची वैद्यकीय संशोधन संस्था) २६५ पेशंटवर ट्रायल केली होती, १९९१ ला आली. दोऱ्याने भरायला आठ आठवडे लागले आणि ऑपरेशनने चार, पण परत होण्याचं प्रमाण दोऱ्यात ४ टक्के आणि ऑपरेशनमध्ये ११. यांना मात्र चीर आहे, तुमच्या आयुर्वेदातली परिकर्तिका, कात्रीने कापल्यासारखी. तिथे दोरा ओवणार कशात?

शिफ्टवाला, सही करायच्या आधी एवढं विचाराच. सीटीआरआय नंबर काय (२००९ पासून भारतात ट्रायलची नोंदणी सक्तीची आहे, साइटवर कोणीही बघू शकतं), किती महिने बघणार, नाही भरलं तर ऑपरेशन कोण करणार आणि पैसे कोण देणार. मधेच सोडायचा हक्क तुम्हाला कायम असतो, आणि सोडलं म्हणून नेहमीचे उपचार बंद करता येत नाहीत. फॉर्मची एक प्रत घरी आणा. आणि चीर मधोमध आहे की बाजूला तेही विचारा, बाजूला असेल तर क्रोन्स (आतड्याच्या सुजेचा जुनाट आजार), टीबी असलं काही नाही ना हे आधी बघतात.

अजून एक, ट्रायल घ्या न घ्या, रोजचा कोंडा चुकवू नका. डेन्मार्कमध्ये १९८७ ला फिशर भरलेल्यांना वर्षभर रोज १५ ग्रॅम कोंडा दिला, त्यातल्या १६ टक्क्यांना परत झालं, नुसतं दिखाऊ औषध घेतलेल्यांतल्या ६८ टक्क्यांना. अर्धा डोस घेणाऱ्यांना काही उपयोग नाही झाला. चमचाभर इसबगोल घेऊन "घेतो ना ताई" म्हणणारे मी खूप पाहिलेत.

शिफ्टवाला_नाशिक:
सगळ्यांचे आभार, आज जाऊन आलो. चीर मधोमधच आहे. नंबर लगेच दिला, मोबाइलवर उघडून बघितला, आहे. बघणार तीन महिनेच. मी म्हटलं सहा महिन्यांनी माझं परत झालं तर तुमच्या कागदावर मी बराच ना? डॉक्टर जरा गप्प झाला, मग म्हणाला पॉइंट आहे, फोन करू आम्ही. फॉर्ममध्ये फोनचं काही नाही. नाही भरलं तर ऑपरेशन तिथेच, त्यांच्या खर्चाने, हे मात्र लिहिलेलं आहे, पान ७.

त्या ओळीवर बायको तयार झाली. सोमवारी सही करतोय, नाइट शिफ्ट दोन महिने बदलून मागितलीय, कारण विचारलं तर मणक्याचं सांगितलं. गव्हाचा कोंडा गिरणीतून आणला, गिरणीवाला म्हणे म्हैस घेतली का. आणि मेव्हण्याला कळलंच शेवटी, म्हणाला वेड्या, दहा टक्के डिस्काउंट दिला असता. मिसळ बंद केलीय. नाशकात राहून.

झणझणीत_नागपूर:
ट्रायलपेक्षा हे अवघड आहे भाऊ.