प्रश्न फक्त पायात गोळे येण्याचा नाही

'मॅग्नेशियम कमी झालं तर फार तर पायात गोळे येतात' हे म्हणणं अर्धंच आहे. रक्तवाहिनीच्या स्नायूपेशीत कॅल्शियमला आवर घालतं ते मॅग्नेशियम. ते घटलं की दाह लवकर भडकतो. अशात ई. कोलायसारख्या जिवाणूच्या आवरणातलं एंडोटॉक्सिन हे विष रक्तात मिसळलं, तर नायट्रिक ऑक्साइड भरमसाट तयार होऊन वाहिन्या सैलावतात, बीपी कोसळतं. आहारातलं मॅग्नेशियम तोडलेल्या उंदरांना या विषाचा तडाखा जास्त बसतो, हे प्रयोगांत दिसलंय.

आणि नुसत्या रक्ताच्या रिपोर्टवर विसंबू नका. शरीरातलं जेमतेम १ टक्का मॅग्नेशियम रक्तात असतं, त्यामुळे कमतरता असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. वर्षानुवर्षं रोज सकाळी उपाशीपोटी पँटोप्राझोल (ॲसिडिटीची गोळी) घेणाऱ्यांनी तर डॉक्टरांना जरूर विचारावं. अमेरिकेच्या एफडीएने २०११ मध्येच या गटातली औषधं दीर्घकाळ घेतल्यास मॅग्नेशियम घटू शकतं, असा इशारा दिलाय. किडनी अधू असेल तर मात्र मनानेच मॅग्नेशियमच्या गोळ्या सुरू करू नका.